चार आकडे आणि पाचवा

शनिवार, २७ डिसेंबर २०२५

पावस रस्त्यावरच्या शाळेचे संगणक आज टेम्पोतून माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. मुंबईत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या ऑफिसांतून मागून घेतलेले. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद झाले आणि ऑफिसांनी जुनी मशीन काढायला सुरुवात केली, त्यातलीच ही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीचे आय३, दोन-तीन पेंटियम, एक एएमडीवालं. बोर्ड चांगले आहेत. फुगलेला कॅपॅसिटर एकही दिसला नाही. घोळ वेगळाच आहे. पाठवताना कोणीतरी सगळ्या मशीनच्या रॅम काढून एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या आहेत. कुठली कुठल्या मशीनची, काही पत्ता नाही. १३३३ आणि १६०० एकत्र, दोन जीबी आणि चार जीबी एकत्र.

हेडसर म्हणाले, "ताई, या पिशवीत वेळ घालवू नका. सगळ्यांना सारख्या नव्या रॅम घेऊन टाकू, मी वर्गणी काढतो." मी त्यांना सध्याचा भाव सांगितला आणि वर्गणीचा विषय तिथेच थांबला. गेल्या काही महिन्यांत रॅमच्या किमती दुपटीच्या पुढे गेल्यात. जगात मेमरी बनवणारे मोठे कारखानदार तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघांचाही ओढा आता एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे आहे. ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीरच केलं की, 'क्रुशियल' नावाने सामान्य गिऱ्हाइकांसाठी चालणारी विक्री फेब्रुवारीअखेर आटोपती घेणार. तिकडे एक निर्णय होतो आणि इकडे मारुती मंदिरच्या दुकानात चार जीबीची जुनी स्टिकसुद्धा कोणी सहज देत नाही.

म्हणून त्यांना सांगितलं, नवीन काही घेऊ नका. पिशवीत आहे त्यातूनच प्रयोगशाळा उभी करू.

रविवार, २८ डिसेंबर

दुकान बंद. टेबलावर अँटिस्टॅटिक मॅट पसरून पिशवी रिकामी केली.

सगळे निवडायला बसले की कंपनी आणि मेगाहर्ट्झ बघून ढीग लावतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी खाच बघायची. डीडीआर२ आणि डीडीआर३, दोन्हींना पिना २४०, लांबीही तीच, पण खाचेची जागा जराशी सरकलेली. पिशवीत दोन डीडीआर२ निघाल्या, त्या बाजूला ठेवल्या. मग व्होल्टेज. लेबलवर 'पीसी३' असेल तर दीड व्होल्ट, 'पीसी३एल' असेल तर १.३५ व्होल्टवर चालणारी. मग रचना: '१आर×८', '२आर×८' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. म्हणजे चिपांचे किती गट आणि प्रत्येक चिप एका वेळी किती बिट देते. हे सगळं झाल्यावर शेवटी वेग. '१०६००' म्हणजे १३३३ ची, '१२८००' म्हणजे १६०० ची. १६०० ला आठ बाइटनी गुणलं की सेकंदाला १२,८०० मेगाबाइट.

वेग शेवटी का, तर वेगातला फरक बोर्ड स्वतः मिटवतो. व्होल्टेज आणि रचनेतला फरक त्याला नेहमी मिटवता येत नाही.

सोमवार, २९ डिसेंबर

पॉलिटेक्निकचा जो मुलगा माझ्याकडे शिकायला येतो, त्याने आज नेमका प्रश्न विचारला. "ताई, १३३३ च्या स्टिकवर ९-९-९-२४ आहे, १६०० च्या स्टिकवर ११-११-११-२८. लेटन्सी कमी तेवढी चांगली म्हणतात. मग जुनी जास्त फास्ट?"

त्याला कागद दिला आणि गुणाकार करायला लावला. हे आकडे घड्याळाच्या ठोक्यांचे आहेत; त्यातल्या पहिल्याला सीएल म्हणतात. १३३३ च्या रॅमचा एक ठोका दीड नॅनोसेकंदाचा; नऊ ठोके म्हणजे १३.५ नॅनोसेकंद. १६०० चा ठोका सव्वा नॅनोसेकंदाचा. अकरा ठोके म्हणजे १३.७५. आता डीडीआर४ घे, म्हटलं. २४०० ची, सीएल १७: चौदा नॅनोसेकंदांच्या थोडं वर. ३२०० ची, सीएल २२: पुन्हा १३.७५. मागे जा, मी शिकत होते तेव्हाची डीडीआर ४००, सीएल ३: पंधरा नॅनोसेकंद. पोरगा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

वीस-बावीस वर्षांत ठोक्यांचे आकडे तीनचे बावीस झाले, पण मेमरीला हाक मारल्यापासून पहिलं उत्तर यायला लागणारा वेळ जवळजवळ होता तिथेच आहे. कारण पेशी तीच आहे. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कॅपॅसिटर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना ही रचना १९६६ साली सुचली, जून १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं; २०२४ च्या एप्रिलमध्ये ते वारले. कॅपॅसिटरमधला क्षीण भार तारेवर उतरायचा, तो ओळखून मोठा करायचा, याला जो वेळ लागतो तो घड्याळ वाढवून कमी होत नाही. वाढलं ते एवढंच की, एका वेळी आतून किती बिट उचलायचे आणि ते बाहेर किती झपाट्याने ढकलायचे. डीडीआरमध्ये दोन, डीडीआर२ मध्ये चार, डीडीआर३ मध्ये आठ.

हे एकदा समजलं की वेगवेगळ्या टायमिंगच्या स्टिक एकत्र लावायची अर्धी भीती जाते. लेबलवर वेगळ्या दिसणाऱ्या दोन स्टिक आतून बहुतेक एकाच चालीच्या असतात.

मंगळवार, ३० डिसेंबर

आज फार सुंदर गोष्ट हाती लागली, तपशिलात लिहून ठेवते.

दुसऱ्या पिढीच्या आय३ मध्ये मेमरी १३३३ च्या पुढे जात नाही. त्यात १३३३ ची एक आणि १६०० ची एक स्टिक लावली. पडद्यावर ९-९-९. अपेक्षेप्रमाणे. मग १६०० वाली बदलून दुसऱ्या कंपनीची १६०० वाली लावली. लेबल अक्षरशः तेच, ११-११-११. पडद्यावर मात्र १०-१०-१०. पोरगा म्हणाला, स्टिक खराब आहे. खराब काही नव्हतं.

प्रत्येक स्टिकवर आठ पायांची एक बारकी चिप असते, एसपीडी म्हणतात ती. चालू होताना बोर्ड आधी ती वाचतो. त्या चिपमध्ये सीएल ९ किंवा ११ असा आकडा साठवलेलाच नसतो. वेळ साठवलेला असतो, नॅनोसेकंदाच्या आठव्या हिश्श्याच्या मापात. बोर्ड प्रत्येक स्टिकचा वेळ वाचतो, त्याला चालू घड्याळाच्या ठोक्याने भागतो, उरलं तर वरच्या पूर्णांकाला नेतो आणि सगळ्या स्टिकमध्ये जो मोठा आकडा येईल तो सगळ्यांना लावतो.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दोन्ही १६०० वाल्यांच्या एसपीडी वाचल्या. पहिलीत १०५ लिहिलेलं, म्हणजे १३.१२५ नॅनोसेकंद. दुसरीत ११०, म्हणजे १३.७५. आता दीडने भागा. १३.१२५ चे होतात पावणेनऊ, वर नेले की नऊ. १३.७५ चे होतात नऊ आणि वर थोडं, ते थोडं कापता येत नाही म्हणून दहा. पहिल्या कारखान्याने आपली स्टिक खालच्या वेगालाही नऊ ठोक्यांत चालेल याची हमी घेतली आणि तसा आकडा भरला. मानकात ती मुभा आहे. दुसऱ्याने घेतली नाही. लेबलवर यातलं काहीच येत नाही.

फरक किती, तर एका हाकेमागे दीड नॅनोसेकंद. वापरणाऱ्या मुलाला तो कधीही जाणवणार नाही. पण त्याच मशीनमध्ये दोन जीबीच रॅम ठेवली आणि ब्राउझर उघडला, तर मशीन हार्डडिस्ककडे धावणार, आणि डिस्कची एक फेरी म्हणजे सुमारे दहा मिलिसेकंद, मेमरीच्या सहा-सात लाख पट. म्हणून न जुळणाऱ्या दोन स्टिक लावून सहा जीबी करणं हे जुळणारी एकच स्टिक ठेवून चार जीबीवर थांबण्यापेक्षा कधीही बरं. दोन आणि चार असं असलं तरी इंटेलचा कंट्रोलर दोन्हींतले दोन-दोन जीबी जोडीने वापरतो, वरचे दोन एकट्याने.

संध्याकाळी हेडसर डोकावले. त्यांना हे सांगत होते तर म्हणाले, "शिमग्यातल्या पालखीसारखं आहे. खांदेकऱ्यांत जो ठेंगणा त्याच्या उंचीला दांडा येतो, बाकीचे वाकतात." अगदी बरोबर. पोराने ते वहीत लिहून घेतलं.

बुधवार, ३१ डिसेंबर

मिरकरवाड्याहून एक भाई हिशेबाचं मशीन घेऊन आले. जाळी-दोरांचं दुकान आहे. मागच्या महिन्यात दुसरीकडे जास्तीची रॅम टाकून घेतली, तेव्हापासून मशीन मधेच बंद. तिकडे सांगितलं, रॅम मिसमॅच आहे, दोन्ही बदला.

दोन्ही स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये एकेक करून लावल्या. दोन्ही उत्तम. दुसऱ्या स्लॉटमध्ये लावल्या तर दोन्हींना लांब बीप. म्हणजे भांडण स्टिकमध्ये नव्हतंच. भिंग लावून बघितलं, स्लॉटच्या पिनांवर हिरवट पापुद्रा. बंदराच्या तोंडावर दुकान, खारा वारा दिवसरात्र. स्टिकच्या कडेला सोन्याचा मुलामा असतो म्हणून ती टिकते, स्लॉट मात्र धरतो. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. खोडरबर मी वापरत नाही. त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो आणि मुलामाही घासला जातो.

एक स्टिक ९ ची, एक ११ ची, दोन्ही तशाच परत लावल्या. भाईंना म्हटलं, मशीन जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा आणि पावसाळ्याआधी एकदा आणा. किनाऱ्यावर 'मिसमॅच' या शब्दाखाली फार गंज लपवला जातो. आधी स्लॉट बदलून बघायचा, मग स्टिकला दोष द्यायचा.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी. रायझनचं मशीन, स्वतः जोडलेलं. आठ जीबीची डीडीआर४ ३२०० होती, आता तेवढीच दुसरी घेतली, तीही ३२०० च. "ताई, दोन्ही ३२०० च्या आहेत आणि दाखवतंय २४००. एक्सएमपी ऑन केलं तर गेममध्ये ब्लू स्क्रीन."

जुनीच्या लेबलवर १६-१८-१८, १.३५ व्होल्ट. नवीच्या लेबलवर २२-२२-२२, १.२ व्होल्ट. त्याला आधी २४०० चं सांगितलं. जुनी स्टिक मानकाप्रमाणे २४०० चीच आहे. ३२०० हा वेग तिच्या एसपीडीत वेगळ्या प्रोफाइलमध्ये, म्हणजेच एक्सएमपीत, लिहिलाय, जास्त व्होल्टेज द्याल तर, या अटीवर. ते प्रोफाइल चालू केलं नाही तर ती २४०० वर सीएल १७ ने चालते आणि नवी तिच्या मागोमाग खाली येते. चालू केलं तर नवी स्टिक १६ ठोक्यांत उत्तर देऊ शकत नाही. दहा नॅनोसेकंदांत मागितलं आणि तिची हमी १३.७५ ची.

तो हुशार होता, हे त्याने यूट्यूबवर बघून आधीच केलं होतं: ३२०० ठेवून चारही आकडे नव्या स्टिकचे, २२-२२-२२-५२ असे हाताने भरले होते. पालखी ठेंगण्याच्या उंचीला आणली होती. तरीही चुका येतच होत्या. मी रॅम तपासणारा मेमटेस्ट लावला, थोड्याच वेळात पडदा लाल.

मशीन ठेवून घेतलं.

शनिवार, ३ जानेवारी

सकाळी दोन्ही स्टिक शेजारी ठेवून नुसत्या बघत बसले आणि उत्तर समोरच होतं. जुनीवर आठ चिपा. नवीवर चार.

दोन्ही आठ जीबीच्या. म्हणजे नवीची एकेक चिप दुप्पट भरलेली: जुनीत आठ गिगाबिटची, नवीत सोळा गिगाबिटची. इथे ते चार आकडे पुरत नाहीत. पाचवा बघावा लागतो, जो लेबलवर कधीच छापत नाहीत: टीआरएफसी.

कॅपॅसिटरमधला भार झिरपतो. म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते; डीरॅमच्या नावातला 'डायनॅमिक' तो हाच. कंट्रोलर त्या ६४ मिलिसेकंदांत ८१९२ वेळा हुकूम सोडतो, दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. हुकूम सुटला की चिप आपल्या ओळी भरण्यात गुंतते आणि तेवढा वेळ तिला हात लावायचा नसतो. तो वेळ म्हणजे टीआरएफसी. चिप जितकी भरलेली, तितक्या एका हुकमात जास्त ओळी, तितका वेळ जास्त. आठ गिगाबिटला ३५० नॅनोसेकंद, सोळा गिगाबिटला ५५०.

३२०० च्या घड्याळात ३५० म्हणजे ५६० ठोके आणि ५५० म्हणजे ८८०. बायोसमध्ये आत आत जाऊन बघितलं. बोर्डाने जुन्या स्टिकच्या प्रोफाइलमधला ५६० उचलून दोघींना लावला होता. त्या पोराने चार आकडे सैल केले, पाचव्याला कोणी हातच लावला नव्हता. नवी स्टिक ओळी भरत असतानाच कंट्रोलर दार वाजवत होता. अर्धवट भरलेल्या ओळीतून जे वाचलं जाईल ते खरं कसं असणार?

८८० भरले. व्होल्टेज १.३५ च ठेवलं, कारण जुनीची ३२०० ची हमी त्या व्होल्टेजलाच आहे. मेमटेस्ट लावून जेवायला गेले. संध्याकाळपर्यंत एक चूक नाही. मग रात्रभर चालू ठेवला.

दर ७.८ मायक्रोसेकंदातले ५५० नॅनोसेकंद म्हणजे सात टक्के वेळ मेमरी कामाला नाही; आधी साडेचार टक्के होता. शिवाय चार चिपांच्या स्टिकमध्ये चिपेच्या आतले गट अर्धे असतात, त्यामुळे ती तशीही जराशी मंद. त्या मुलाला हे खरं सांगणार. त्याला वेग थोडा कमी मिळेल, जागा दुप्पट मिळेल. त्याच्या प्रोजेक्टसाठी जागाच हवी आहे.

मला राग येतो तो एवढ्याचाच की, वापरणारा ज्यावर विश्वास ठेवतो त्या लेबलवर एवढी महत्त्वाची गोष्ट नाही. एकाच नावाने, एकाच क्षमतेच्या खोक्यात आज आठ चिपांची स्टिक मिळते आणि सहा महिन्यांनी चार चिपांची. घेणाऱ्याने चिपा मोजाव्यात. दुकानात उभं राहून, पाकिटाच्या पारदर्शक बाजूने.

मंगळवार, ६ जानेवारी

गोळपचे आंबा बागायतदार काका लॅपटॉप घेऊन आले. मोहोर बरा आहे, पण थंडी लांबली तर पुन्हा मोहोर येईल आणि आधी धरलेली कणी गळेल, ही चिंता. लॅपटॉपमध्ये पेट्यांची मागणी लिहून ठेवतात. पुतण्याने मुंबईहून चार जीबी पाठवली, ती लावल्यापासून डिस्प्ले नाही.

चौथ्या पिढीचा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर. त्याला १.३५ व्होल्टचीच रॅम लागते. पाठवलेली दीड व्होल्टची. २०४ पिना तशाच, खाच तिथेच, टायमिंग अकरा-अकरा-अकरा तंतोतंत तेच. लेबलवर एका 'एल'चा फरक. इथे जुळणारे आकडे काही कामाचे नाहीत. उलटं चाललं असतं: १.३५ वाली दीड व्होल्टच्या मशीनमध्ये सुखाने चालते, तशीच बनवलेली असते.

शाळेच्या पिशवीत लॅपटॉपची रॅम नाही. काकांना एक 'पीसी३एल' मिळवून दिली. त्यांची दीड व्होल्टवाली माझ्याकडे ठेवली, कोणाला तरी उपयोगी पडेल. पैसे मार्चमध्ये देतो म्हणाले. चालेल.

शनिवार, १० जानेवारी

शाळेची सगळी मशीन जोडून झाली, आता चाचणी. एका वेळी दुकानात मावतील तितकी लावते, रात्री चालू ठेवून जाते, सकाळी येऊन आधी पडदे बघते.

विंडोज उघडलं म्हणजे रॅम चांगली, हा समज मोडला पाहिजे. एखादा बिट हजारात एकदा उलटतो आणि तो नेमका मुलाच्या निबंधाच्या फाइलमध्ये बसतो. मशीन बंद पडत नाही, फाइल बिघडते. मेमटेस्ट प्रत्येक जागी एक नमुना लिहितो, परत वाचतो, मग उलटा लिहून वाचतो, शेजारच्या ओळी ठोकून मधलीला धक्का बसतो का बघतो. सगळ्या चाचण्या एकदा होऊन पुन्हा सुरू झाल्या की मी पहिला श्वास घेते, त्याआधी नाही.

एका जोडीत चुका आल्या. दोन्ही स्टिक वेगळ्या करून लावल्या, त्यातली एक एकटी ठेवली तरी चुका. ती खरोखर गेलेली. तिच्यावर लाल टेप.

दुसरं एक मशीन तर सुरूच होईना. आठ जीबीची स्टिक, सोळा चिपा, लेबलवर '१आर×४'. परवाच्या निवडीत ती मी वेगळी काढून ठेवली होती, पोराने क्षमता जास्त बघून आय३ मध्ये लावली. सर्व्हरसाठी असते तसल्या, एका वेळी चार बिट देणाऱ्या चिपांची ही स्टिक. इंटेलचे डेस्कटॉप कंट्रोलर आठ किंवा सोळा बिटांच्याच चिपा ओळखतात. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या 'फक्त एएमडीसाठी' स्टिक त्या ह्याच. शाळेच्या एकुलत्या एका एएमडी मशीनमध्ये लावली, लगेच चालू. मुंबईत ती त्याच मशीनमध्ये असणार.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारचे दुकानदार दादा तिळगूळ घेऊन आले आणि टेबलावरचा पसारा बघून म्हणाले, "ताई, मिक्स रॅम देऊ नये. उद्या काही झालं तर नाव तुमचं." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जोडीने घेतलेली, कारखान्यात एकत्र तपासलेली रॅम ही पहिली पसंती, हे मीही मानते. दवाखान्याच्या, पतपेढीच्या मशीनमध्ये मी मिश्रण करत नाही. तिथे चूक पकडणारी ईसीसी मेमरीच हवी. पण शाळेत ज्या मुलाला मशीनच मिळणार नाही, त्याला जुळणाऱ्या जोडीचा काय उपयोग? एसपीडी वाचलेली, पाचवा आकडा बघितलेला, रात्रभर तपासलेली न जुळणारी जोडी ही खोक्यातून काढून न तपासता लावलेल्या जुळ्या जोडीपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते. दादांना हे शेवटचं वाक्य पटलं नाही. तिळगूळ दोघांनी खाल्ला.

सोमवार, १९ जानेवारी

आज सगळ्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून झालं, मराठी कीबोर्डसकट. सहा जीबीवर ब्राउझर, टायपिंग आणि गणिताचं सॉफ्टवेअर एकदम उघडून बघितलं. अडकत नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

शाळेत मांडणी झाली. प्रत्येक कॅबिनेटच्या झाकणाला आतून कागद चिकटवला: कुठल्या स्लॉटला कुठली स्टिक, तिच्या एसपीडीतला वेळ नॅनोसेकंदांत, बोर्डाने लावलेले आकडे, चाचणीची तारीख. उद्या माझ्याऐवजी दुसरं कोणी उघडेल तर त्याला पिशवीपासून सुरुवात करायला नको. उरलेल्या चांगल्या स्टिक अँटिस्टॅटिक पाकिटांत घालून हेडसरांच्या कपाटात दिल्या.

खोलीला वर पत्रा आहे. कॅपॅसिटरमधला भार उकाड्यात जास्त भरभर झिरपतो आणि जानेवारीच्या गारव्यात पास झालेली स्टिक एप्रिलमध्ये पास होईलच असं नाही. ८५ अंशांच्या वर तर मानकच ६४ ऐवजी ३२ मिलिसेकंदांत ओळी भरायला सांगतं. आमच्या खोलीत चिप तेवढी तापणार नाही, पण काठावरची एखादी स्टिक असेल तर ती तेव्हाच सापडेल. परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये सगळ्या मशीनना पुन्हा मेमटेस्ट लावायचा, दुपारी, कॅबिनेटची झाकणं लावून आणि पंखे बंद ठेवून. हेडसरांनी वेळापत्रकात तशी नोंद केली आहे. पॉलिटेक्निकचा मुलगा येतो म्हणाला.